कोणत्या नात्याने

पुणे,
आषाढी एकादशी, ६ जुलै २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

येत्या २२ तारखेला चिपळूणच्या पुराला चार वर्षे होतील. घरातला चिखल काढून झाल्यावर, बाबा, तुम्ही ओसरीवर बसून मला विचारले होते, की ही मुले एवढ्या लांबून कोणत्या नात्याने आली? मी “कॉलेजातली आहेत” एवढेच म्हणाले आणि बादली उचलून आत गेले. खरे उत्तर द्यायचे, तर सांगलीतल्या पहिल्या दोन वर्षांत तुमच्यापासून जे लपवले, तेही सांगावे लागले असते आणि त्या दिवशी तुम्ही दोघे इतके थकलेले होतात, की माझा धीर झाला नाही. आज सांगते.

२००८ साली कुंभार्ली घाटाने, एसटीच्या टपावर ट्रंक टाकून, तुम्ही मला सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहावर सोडलेत. मुलीला घाटावर इतक्या लांब कशाला पाठवता, असे नातेवाईक म्हणत होते आणि तुम्ही कोणाचेही ऐकले नव्हते. म्हणूनच दर रविवारी फोनवर मी “सगळे ठीक आहे” म्हणत असे. प्रत्यक्षात दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि बारावी पाठांतरावर निभावलेली, अशी मी वर्गात बसून फळ्यावरचे उतरवून घेत असे, पण तोंडी परीक्षेत समोर बसले की येत असलेले उत्तरही घशात अडकायचे. पहिल्या सत्रात गणित राहिले. ते मी तुम्हाला कळवले नाही. निकालाच्या रात्री कपडे ट्रंकेत भरले आणि सकाळच्या गाडीने परत यायचे ठरवले.

माझ्या खोलीत लातूरची मुलगी होती. तिने समजूत घातली नाही, ट्रंकेतली गणिताची वही तेवढी बाहेर काढली आणि म्हणाली, “यातले तुला जे येते, ते मला मराठीत शिकव.” पहाटेपर्यंत मी बोलत राहिले आणि ती ऐकत राहिली. पुढची तीन वर्षे आमचा तोच नेम होता. व्हरांड्यात उभे राहून प्रत्येक गोष्ट आधी मराठीत सांगायची आणि मग तीच इंग्रजीत. मी चुकले की ती मला थांबवायची, पण हसली कधीच नाही. आज मी परक्या देशातल्या लोकांशी तासन्‌तास कामाचे बोलते, ते त्या व्हरांड्यात शिकलेले आहे.

काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची ड्रॉइंग शीट उतरवून काढण्याला आम्ही जीटी मारणे म्हणत असू. वर्गातला बार्शीचा मुलगा स्वतःची शीट मला त्यासाठी कधीच देत नसे. मला राग यायचा. पण सबमिशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो दोन तास बसून वस्तूचे वरून आणि बाजूने दिसणारे रूप कागदावर कसे आणायचे, ते साबणाची वडी कापून दाखवायचा. जळगावचा मित्र अबोल, त्याच्याविषयी सांगण्यासारखे प्रसंग थोडे आहेत, पण माझी मेस बुडाली असेल तर माझ्यासाठी डबा घेऊन वसतिगृहाच्या फाटकाशी तोच उभा असे.

आणि आई, दुसऱ्या वर्षी मला कावीळ झाली होती. तुला मी “सर्दीताप आहे” म्हणून सांगितले होते. त्या वेळी अठरा दिवस मी सांगलीच्या मैत्रिणीच्या घरी, गावभागात, तिच्या आईच्या हातचा मऊ भात आणि ताक घेऊन पडून होते.

आता पुराकडे येते. वाशिष्ठीचे पाणी पहाटे घरात शिरले आणि तुम्ही शेजाऱ्यांच्या माडीवर गेलात, त्यानंतर दोन दिवस तुमचा फोन लागत नव्हता. मी कोणालाही मदतीला बोलावले नाही. आमच्या पाच जणांच्या गटावर फक्त “आईबाबांशी संपर्क नाही” असे लिहिले. घाटांत दरडी होत्या. रस्ता मोकळा झाल्याचे कळताच तिघे फावडी, घमेली, गमबूट आणि ब्लीचिंग पावडर गाडीत टाकून माझ्या दाराशी आले. सांगलीची येऊ शकली नाही, कारण त्याच आठवड्यात कृष्णाही फुगली होती आणि ती आईला घेऊन वरच्या मजल्यावर सामान चढवत होती. तरीही, २०१९ चा महापूर स्वतःच्या घरात पाहिलेला असल्यामुळे, ती तिथून आम्हाला फोनवर सांगत राहिली: चिखल ओला आहे तोवर ओढून काढा, वाळला की निघत नाही, वायरमनने पाहिल्याशिवाय एकही बटण दाबू नका, पाण्यात उतरलेल्या सगळ्यांनी लेप्टोचा ताप येऊ नये म्हणून गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. बाबा, तुम्हाला वाटले होते की या मुलांना एवढे सगळे कसे ठाऊक. ते असे ठाऊक होते.

आजोबांच्या मोडीतल्या वहीची पाने सुटी करून, प्रत्येक पानामध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून जो दोन रात्री बसला होता, तो बार्शीचा. साबणाच्या वडीवर जसे सावकाश काम करायचा, तसेच त्याने ते केले.

निघताना तुम्ही पेट्रोलसाठी पाकीट पुढे केलेत आणि त्यांनी ते घेतले नाही, याचे तुम्हाला ओझे वाटते, हे मला माहीत आहे. ते ओझे मलाही आहे, पण ते पाकिटाने उतरणारे नाही आणि मला ते उतरवायचेही नाही. तुम्ही मला त्या एसटीत बसवले नसते, तर ही माणसे मला भेटली नसती, एवढे मात्र तुमच्याही नावावर आहे.

यंदा २७ ऑगस्टला गणपती आहेत. चौघेही दुसऱ्या दिवशी येऊन दोन रात्री राहणार आहेत. सांगलीची आपल्या घरी पहिल्यांदाच येईल आणि तिच्या आईलाही सोबत आणेल. आई, त्यांच्यासाठी उकडीचे मोदक राखून ठेव आणि दुपारी थोडा वेळ मोकळा ठेव. कावीळीचे ते अठरा दिवस मी कसे काढले, हे त्या तुला माझ्यापेक्षा नीट सांगतील.

तुमची लेक