पात्र उसने घेताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्हिडिओ गेममधील पात्रे घेऊन चाहत्यांनी स्वतःच्या कथा लिहाव्यात, याला माझा मुळीच विरोध नाही; खेळून संपलेल्या गोष्टीत मन गुंतून राहिल्याचीच ती खूण आहे. मात्र पात्राचा स्वभाव समजून न घेता केवळ त्याचे नाव आणि रूप उचलले जाते, तेव्हा मूळ निर्मात्यावर अन्याय होतो.

टोबी फॉक्स यांच्या २०१५ साली आलेल्या ‘अंडरटेल’मधला पॅपिरस हा सांगाडा बढाईखोर आहे, पण तो खेळाडूला ठार मारत नाही, खेळाडू लढाईत हरला तरी त्याला केवळ कैद करून ठेवतो. समोर येईल त्याला मारत सुटलेल्या खेळाडूपुढेही तो हात पसरून उभा राहतो आणि त्याच्याच हातून मरताना ‘तू सुधारू शकतोस’ असा विश्वास व्यक्त करतो. कोणालाही न मारता हा गेम पूर्ण करता येतो, आणि त्यामागचा सारा विचार या एका पात्रात उतरला आहे. अशा पॅपिरसला क्रूर मारेकरी करणाऱ्या कथाही चाहत्यांनी लिहिल्या आहेत. ‘हे पर्यायी विश्व आहे’ असे सुरुवातीलाच सांगितले असेल तर माझी तक्रार नाही, कारण तिथे मूळ स्वभाव जाणूनच तो उलटवलेला असतो; पण तसा उल्लेख नसला की गेम न खेळलेल्या वाचकाला तोच खरा पॅपिरस वाटतो.

निर्मात्याचा मान राखणे ही केवळ भावनेची बाब नाही; आपल्याकडील १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ हक्क विकल्यानंतरही लेखकाला कृतीवर आपले नाव सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा आणणारी मोडतोड रोखण्याचा अधिकार देते.

पात्रे उसनी घेण्याचा हा प्रश्न परदेशी गेमपुरता नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली आणलेल्या गेममधली राजी धाकट्या भावाला, गोलूला, असुरांच्या तावडीतून सोडवायला निघते. तिच्यावर मराठीत कथा अवश्य लिहाव्यात, पण भावाची ही ओढच काढून टाकली तर राजी उरते कुठे? लहान वयाची पात्रे शृंगारिक कथांत ओढणे तर मला सर्वस्वी अमान्य आहे; तिथे पर्यायी विश्वाची सबबही चालू नये.

आपल्या युवा पुरवणीत अशा कथांना जागा मिळाल्यास मूळ गेमचे व निर्मात्याचे नाव कथेच्या आरंभी छापण्याची अट घालावी, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
पुणे