आता फक्त तुझं देणं राहिलं

प्रिय बंडू,

परवा क्रेडिट कार्डवाल्यांचं पत्र आलं. खाते बंद, काही येणे नाही. घरात सगळ्यांना आनंद झाला, आईने तर ते पत्र दोनदा वाचून घेतलं. पण त्या कागदाचं वजन तुलाच कळेल, कारण वहीच्या शेवटच्या पानावरची देण्यांची ती यादी तुझ्या अक्षरातली आहे. तुझं अक्षर अजूनही डॉक्टरच्या चिठ्ठीसारखंच आहे, ते सोड.

इकडे तब्येती बऱ्या. आईचे गुडघे तसेच, माझा रक्तदाब गोळीवर शांत आहे.

त्या यादीवरून आपण केवढे भांडलो होतो! बाबांच्या दवाखान्यानंतर चार ठिकाणची देणी झाली होती आणि मला आधी सगळ्यात लहान देणं संपवायचं होतं. एक तरी नाव खोडलं जाऊ दे, जरा श्वास येईल, असं मी म्हणत होतो. तू म्हणालास, रकमा नंतर लिही, आधी प्रत्येकापुढे व्याजाचा दर लिही. मग कार्डाचा हिशेब मांडलास. महिन्याला ३ टक्के. ऐकायला बारीक वाटतं, पण व्याजावर व्याज धरलं की वर्षाला साडेबेचाळीसच्या वर जातं. आणि बिलावरची ती 'किमान रक्कम' ५ टक्के. म्हणजे शंभराच्या देण्यावर पाच भरायचे, त्यातले तीन व्याजात जायचे, मुद्दल फिटायचं दोन. तसंच भरत राहिलं तर तीन वर्षांनंतरही जवळजवळ निम्मं कर्ज जागेवरच. शिवाय थकबाकी असताना त्याच कार्डावर नवीन काही घेतलं की त्याला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज. त्या रात्री मला झोप लागली नाही. तू मात्र आमच्याच दिवाणावर घोरत होतास.

दुसरं देणं १२ टक्क्यांचं म्हणून मी त्याला सभ्य समजत होतो. तू विचारलंस, व्याज उरलेल्या रकमेवर की शेवटपर्यंत मूळ रकमेवर? मूळ रकमेवर होतं. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं आणि व्याज मात्र सबंध रकमेचं, म्हणजे वर्षभराच्या हप्त्यांत खरा दर साडेएकवीसच्या आसपास. तेव्हापासून कुणी हप्त्यावर काही घ्यायला निघालं की मी हाच एक प्रश्न विचारतो. भाचा मला टाळतो हल्ली.

शेवटी तुझंही झालं आणि माझंही. सगळ्यात लहान देणं आधी खोडलं, मग व्याजाच्या उतरत्या क्रमाने. एक हप्ता संपला की ती रक्कम खर्चात न मिसळता तशीच पुढच्या देण्यावर टाकायची, हे तू घोकून घेतलंस ते फार बरं झालं. पहिलं वर्ष काही हललंय असं वाटतच नव्हतं, नंतर मात्र भराभर उतरत गेलं. मधे वसुलीवाल्याने 'थोडं कमी घेतो, मिटवून टाका' म्हटलं तेव्हा मी जवळजवळ तयार होतो. तू फोनवर ओरडलास, की तडजोड केली तर कर्जाच्या नोंदीत 'तडजोड' असंच लागतं, 'पूर्ण फेडलं' असं नाही, आणि पुढचा प्रत्येक सावकार ते वाचतो. तेव्हा राग आला होता. आज त्या कागदावर 'पूर्ण' हा शब्द आहे.

आता मूळ गोष्ट. त्या यादीत सगळ्यात खाली तुझं नाव होतं. व्याज शून्य, म्हणून शेवटी, आणि तसं लिहिणाराही तूच. हिशेबाने ते बरोबर आहे. पण बंडू, मनावर सगळ्यात जड तेच होतं. कार्डवाल्याचं देणं असताना मी त्याच्याशी खुशाल वाद घालत होतो. तुझं देणं असताना मी तुझ्याशी नीट भांडलेलो नाही, लक्षात आलं का तुझ्या? तू काहीही म्हणालास की मी 'बरोबर आहे' म्हणतो. तुझी क्रिकेटबद्दलची मतंसुद्धा मी ऐकून घेतली! हे मला आता सहन होत नाही.

आणि दुसरं. मी व्याज भरलं नाही म्हणजे ते कुणीच भरलं नाही असं होत नाही. महागाई वर्षाला ६ टक्के धर. पाच वर्षांनी शंभरात जेमतेम पंच्याहत्तरची खरेदी होते. ती पंचविशी तू भरलीस, न बोलता. म्हणून मी मुद्दलाच्या वर देणार आहे. तू चिडणार, मला माहीत आहे. चीड.

तू म्हणशील, आधी गंगाजळी कर. केली आहे. एक महिन्याचा घरखर्च वेगळ्या खात्यात, ज्याचं कार्ड मी घेतलेलंच नाही. पगार आला की त्याच दिवशी रक्कम आपोआप तिकडे जाते, महिनाअखेरीस उरेल ते टाकू म्हटलं तर काही उरत नाही हे दोघांनाही माहीत आहे. ते तीन महिन्यांचं, मग सहा महिन्यांचं व्हायला हवं, नाहीतर पुढचं आजारपण पुन्हा त्याच ३ टक्क्यांच्या दारात नेईल. यावरून माझी रोज घालमेल होते. सगळं तुला दिलं तर घर उघडं पडतं. सगळं साठवलं तर तुझे पैसे 'राहू दे रे' मध्ये विरून जातात. तू ते 'राहू दे रे' म्हणणार याचीच मला सगळ्यात जास्त भीती आहे. म्हणून असं ठरवलंय: सुटलेल्या हप्त्यातला अर्धा तुला, अर्धा गंगाजळीला. खर्चाला एक पैसाही नाही. सौ. ला विचारलं, ती म्हणाली आधी भावोजींचं अर्ध्याहून जास्त द्या. तेवढं मात्र मी ऐकलं नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? छोकरीला कॉलेज मिळालं हे वहिनींकडून कळलं, फार छान वाटलं. पाठीचं दुखणं अंगावर काढू नकोस.

पहिला हप्ता या पगाराला येईल. परत पाठवलास तर पुढचा वहिनींच्या खात्यात टाकीन, त्यांनी नंबर दिलेला आहे. आणि रविवारी फोन कर, त्या कर्णधाराबद्दल तू जे काही बोलला होतास त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय.

तुझाच,
नाना