जुलैत मी येत नाहीये

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेले तर आई रडेल आणि मी लगेच तिकीट काढून मोकळी होईन, म्हणून लिहितेय. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी नसेन. ठरलंय. पण ठरवताना तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

ईशाच्या स्काउट ट्रूपचं तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. इथे अमेरिकेत २०१९ पासून मुलींचेही ट्रूप आहेत. कुठल्याही कॅम्पला नोंदणी झालेली, २१ वर्षांवरची दोन मोठी माणसं लागतात, आणि मुली असल्या की त्यांत एक बाई हवीच. आमच्याकडची बाई मार्चमध्ये सोडून गेली, आमच्या स्काउटमास्टरांना कंटाळून. तेव्हापासून ती बाई मीच.

माणूस वाईट नाही हो. कित्येक वर्षं एक पैसा न घेता शनिवार-रविवार देतात. पण सगळं स्वतःच करायचं आणि मुलींवर खेकसायचं. एप्रिलच्या कॅम्पला पाऊस होता. ईशा ताडपत्रीची दोरी खुंटीला बांधत होती. क्लोव्ह हिचची गाठ दोनदा सुटली. त्यांनी तिच्या हातातून दोरी हिसकावली आणि तिला सगळ्यांपासून लांब, झाडाखाली एकटीला उभं केलं. वीस मिनिटं. ती तिथे रडली नाही. घरी आल्यावर रात्री बुटाच्या लेसनं पलंगाच्या पायाला तीच गाठ मारत बसली होती. दाराआडून बघताना मला आपली पडवी आठवली, बाबा. बाजेच्या खुराला दोरी देऊन तुम्ही पेपर वाचत बसायचात. मी सात-आठ वेळा चुकायचे, पण तुम्ही पेपर खाली घ्यायचा नाहीत. जमली की मात्र न बघताच म्हणायचात, "मनू, आता डोळे मिटून."

मुलींसमोर मी एक शब्द बोलले नाही. आधी त्यांना एकटं गाठून सांगितलं. ते म्हणाले, आम्ही असेच शिकलो. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच झालं. तेव्हा तारीख, वेळ, काय घडलं ते सगळं लिहून काढलं आणि कमिटीकडे गेले. शिस्तीच्या नावाखाली मुलांना एकटं पाडायचं नाही, अपमान करायचा नाही, चेष्टा करायची नाही, असा स्पष्ट नियमच आहे. स्काउटमास्टर कोण असावा हे कमिटी आणि ट्रूप चालवणारी संस्था ठरवते. त्यांना काढून टाका, असं मी म्हटलं नाही. आता तंबू, स्टोव्ह, सामान ते बघतील, त्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. मुलींचं शिकवणं माझ्याकडे आलंय. जुलैचा कॅम्प त्यानंतरचा पहिलाच. मी गेले नाही, तर आठ मुलींचा कॅम्प रद्द.

परक्यांच्या पोरींसाठी बापाला सोडलंस, असं वाटेल. आई, तुला तर वाटेलच. पण दादाच्या मुंजीच्या आदल्या रात्री बाबा कुठे होते, ते तूच आठव.

दादा दोन आठवडे रजा काढून येतोय. पोळ्यांच्या मावशींना मी फोन केलाय, त्या संध्याकाळीही येतील, पैशांचं तू बघायचं नाहीस. काकूंकडून वरण-भात येईल, मऊ, बाबांना लागतो तसा. इन्व्हर्टरची बॅटरी बदलून घेतलीय, पंखा बंद पडायचा नाही. आरामखुर्ची खिडकीपासून जरा आत घ्या, दुपारचं ऊन डोळ्यावर येतं. रोज तुमच्या सकाळी सातला मी फोन करीन. कॅम्पच्या सहा दिवसांत रेंज मिळाली नाही, तर घाबरायचं नाही.

बाबा, थेंब वेळेवर. डोळा चोळायचा नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकून बागेतलं गवत काढायचं नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्कूटरला हात लावायचा नाही. आई, यांच्या गडबडीत तुझी बीपीची गोळी राहते, ती डब्यात वार बघून घे.

नोव्हेंबरचं तिकीट काढलंय, ईशाही येतेय. दोन दोऱ्या जोडायची शीट बेंडची गाठ तिला तुमच्याकडूनच शिकायचीय, बाबा. माळ्यावरची दोरी काढून ठेवा. म्हणजे दादाला काढायला सांगा. तुम्ही शिडीवर चढायचं नाही.

तुमची,
मनू