क्रीडामंत्र्यांना खुले पत्र : मैदान ठरवण्याआधी तिथला आवाज ऐका

प्रति,
मा. क्रीडा व युवा व्यवहार मंत्री,
गोवा राज्य

विषय : दृष्टिहीन व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी फुटबॉलचे मैदान आणि सामन्यांचे श्राव्य वर्णन

महोदय,

फुटबॉल हा गोव्याचा राज्य खेळ. दृष्टिहीनांचा फुटबॉल मात्र अजून प्रदर्शनाच्या पलीकडे फारसा जात नाही. दिव्यांग दिनाच्या आसपास तासाभराचा सामना होतो, पाहुणे डोळ्यांवर पट्टी बांधून एक चेंडू मारतात, फोटो निघतात. त्यानंतर चेंडू कपाटात आणि खेळाडू घरी.

या खेळाला काय लागते असे विचारले की लोक आधी खुळखुळणाऱ्या चेंडूचे नाव घेतात, मग टर्फचे. दोन्ही विकत मिळतात. शांतता विकत मिळत नाही, आणि मैदानाची जागा एकदा चुकली की नंतर कितीही पैसा ओतून ती आणता येत नाही. आमच्या बहुतेक मागण्या या एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात, म्हणून ती आधीच सांगून टाकतो.

खेळाची मांडणी थोडक्यात अशी. मैदान ४० बाय २० मीटर. दोन्ही लांब बाजूंना फळ्यांची भिंत. प्रत्येक संघात चार दृष्टिहीन खेळाडू, सगळ्यांच्या पापण्यांवर चिकटपट्ट्या आणि वर जाड पट्टी, कारण कोणाला थोडा उजेड जाणवतो, कोणाला तोही नाही. गोलरक्षक डोळस, पण त्याला गोलरेषेपासून पुढे फक्त २ मीटरपर्यंत चेंडूला हात किंवा पाय लावता येतो. बचावासाठी चेंडूकडे झेपावणाऱ्याने ‘वॉय’ असे मोठ्याने म्हणायचे. न म्हटल्यास फाऊल. हा स्पॅनिश शब्द आहे, अर्थ ‘येतोय’. पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ २००४ च्या अथेन्सपासून आहे. पहिली पाचही सुवर्णपदके ब्राझीलने नेली. २०२४ ला पॅरिसमध्ये ती रांग फ्रान्सने मोडली. भारतीय संघाचा कारभार कोचीतून चालतो आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये महिलांची जागतिक स्पर्धाही कोचीतच झाली. केरळला जमते ते गोव्याला का जमू नये, हा प्रश्न आम्ही आपल्यावर सोडतो.

आता जागा. महामार्गालगतची जागा नको, कारण ट्रकचा खालच्या पट्टीतला घरघराट चेंडूचा आवाज गिळतो. पत्र्याच्या छपराखालची तर अजिबात नको. बंद हॉलमध्ये आवाज भिंतींवरून आणि छपरावरून परत येतो, खेळाडूला एकाच चेंडूचे दोन चेंडू ऐकू येतात आणि तो भलत्याच दिशेला वळतो. पावसाळ्यात त्याच पत्र्यावर सरी कोसळू लागल्या की शेजारच्याचे बोलणेही कळत नाही, मग खुळखुळा काय ऐकू येणार? म्हणून मैदान उघड्यावरच हवे, आणि जून ते सप्टेंबर तिथे सामने होणार नाहीत हे नियोजनातच मान्य करावे. ते चार महिने हॉलमध्ये शरीरसंतुलन, पायाखालचा चेंडू आणि गोलरक्षकांच्या बोलण्याचा सराव होऊ शकतो. फ्लडलाईटसाठी जनरेटर लावायचा असेल तर तो मैदानापासून दूर, भिंतीआड. (खेळाडूंना दिव्याची गरज नाही, ती गोलरक्षकाला आणि पंचांना आहे. निविदेत दिव्यांवरच सर्वाधिक रक्कम दिसली तर आम्ही विचारणार.)

भाड्याने मिळणारी टर्फ वापरा, असा सल्ला नेहमी मिळतो. बहुतेक टर्फ मापाने अपुरे असतात, पण खरी अडचण जाळीची आहे. बाजूरेषेलाच जाळी असते. चेंडू जाळीत गेला की आवाज मरतो, खेळाडूची बोटे भोकांत अडकतात, आणि जाळी आधार देत नाही, झोळीसारखी मागे जाते. फळी नेमके उलटे काम करते. चेंडू तिच्यावर आपटला की ‘ठक’ आवाज येतो आणि जागा कळते. एक हात फळीवर ठेवून खेळाडू कोपऱ्यापर्यंत धावतो. फळीवरून परतलेला चेंडू पास म्हणून वापरतो. फळी हे या खेळातले कुंपण नव्हे, ते अवजार आहे.

त्यामुळे फळ्यांवर जरा सविस्तर लिहितो. उंची १ ते १.२ मीटर. प्रत्येक बाजूला ४० मीटर आणि दोन्ही टोकांना गोलरेषेपलीकडे साधारण एकेक मीटर, म्हणजे बाजूला ४२, एकूण ८४ मीटर. दोन मीटरचे तुकडे केले तर ४२ फळ्या, आणि बदलीसाठी निदान चार जास्त. प्लायवूड साधे घेतले तर आपल्या दमट हवेत एका पावसाळ्यात फुगून कडा सुटतात. मरीन प्लाय घ्यावे, सुमारे १८ मिलिमीटरचे, कापलेल्या कडा रंगाने बंद करून. नटबोल्ट गॅल्व्हनाईज्ड किंवा स्टेनलेस स्टीलचे, नाहीतर खारा वारा ते गंजवून टाकतो. स्क्रूचे डोके लाकडात बुडालेले हवे, कारण खेळाडूचा तळवा त्यावरून घसरत जातो. दोन फळ्यांच्या मध्ये करंगळी जाईल एवढीही फट नको. टेकू मैदानाच्या बाहेरच्या बाजूला, त्यांवर वाळूची पोती. अंग आपटल्यावर फळी बोटभरही सरकली की पुढच्या फळीशी पायरी तयार होते आणि पुढच्या धावेत कोणाचे तरी मनगट तिथे आदळते. पातळ पत्रा लावून काम भागवू नये. तो थरथरतो, आणि त्याची थरथर चेंडूच्या आवाजात मिसळते. प्रायोजकांच्या फ्लेक्सचेही तसेच. वाऱ्यावर फडफडणारा फ्लेक्स हा या मैदानावरचा सर्वात त्रासदायक प्रेक्षक असतो. जाहिरात हवीच असेल तर ती फळीवर रंगवा.

जागेचे माप फक्त ४० बाय २० धरू नका. गोलच्या मागे गाईड, म्हणजे आक्रमण करणाऱ्यांना आवाजाने दिशा सांगणारा डोळस सहकारी, उभा राहतो; त्याला दोन्ही टोकांना किमान ३ मीटर लागतात. फळ्यांचे टेकू आणि बाक यांसाठी बाजूंना दोन-दोन. म्हणजे ४६ बाय २४, सुमारे १,१०० चौरस मीटर. गोल ३.६६ बाय २.१४ मीटरचा, खांबांना फोमचे आवरण. फोम पूर्ण उंचीपर्यंत नको, वरचा भाग मोकळा ठेवावा. फ्री किकच्या वेळी गाईड दोन्ही खांबांवर धातूने टकटक करून गोलची रुंदी ऐकवतो, आणि सगळीकडे फोम गुंडाळला तर ती टकटक ऐकू येणार नाही.

चेंडूचा घेर ६० ते ६२ सेंटिमीटर, वजन ५१० ते ५४० ग्रॅम; नेहमीच्या पाच नंबरच्या चेंडूपेक्षा लहान आणि जड. खुळखुळे आत, आवरणाच्या आणि ब्लॅडरच्या मध्ये बसवलेले असतात. हवा ०.४ ते ०.६ बार. पंपवाला सवयीने नेहमीच्या चेंडूएवढी हवा भरतो, आणि मग चेंडू उसळतो. हवेतला चेंडू नीट वाजत नाही, म्हणजे तो खेळातून गायबच होतो. कडक जमिनीवरही हेच घडते. थांबलेला चेंडू तर कोणालाच ऐकू येत नाही, म्हणून पंच तो हलवून देतात. दहा खेळाडूंच्या पथकाला दहा चेंडू द्या, दोन नव्हे. ओल्या मैदानावर वापरलेले चेंडू वाळवूनच ठेवा. नवशिक्या मुलांसाठी शाळेत साधा चेंडू प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला तरी पहिले काही आठवडे चालतो. आवाज खरखरीत येतो, पण येतो.

बोलण्याबद्दल थोडे, कारण प्रशिक्षणात सर्वाधिक चुका इथे होतात. मैदानाचे तीन पट्टे असतात : दोन्ही टोकांना १२ मीटर, मध्ये १६. आपल्या गोलपुढच्या पट्ट्यात गोलरक्षक बोलतो, मधल्यात प्रशिक्षक, प्रतिस्पर्ध्याच्या गोलपुढे गाईड. इतरांनी तिथे सूचना द्यायच्या नाहीत. शब्द एक-दोन अक्षरी आणि कानाला वेगळे वाटणारे हवेत. ‘उजवे’ आणि ‘डावे’ दोन्ही ‘वे’वर संपतात, धावत्या माणसापर्यंत पहिले अक्षर पोचत नाही आणि तो फळीवर आदळतो. कोकणीतले ‘उजवें’ आणि ‘दावें’ही त्याच वळणाचे. म्हणून ‘राईट’ आणि ‘लेफ्ट’ बरे. भाषाप्रेमींनी रागावू नये. आणि ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या गोव्यात गोलरक्षकांची वाण नाही, पण सतत बोलणारा गोलरक्षक वेगळा घडवावा लागतो. क्लबांचे निवृत्त गोलरक्षक याला सर्वात योग्य. त्यांना मानधन द्या.

प्रेक्षकांचे काय? आपल्या गावच्या स्पर्धांत माईक क्षणभर गप्प नसतो. इथे चेंडू खेळात असताना माईक बंद, शिट्ट्या बंद, फोन बंद. गोल झाला की हवा तेवढा कल्ला. हे सामन्याआधी मराठी-कोकणीतून दोनदा सांगावे लागते, तिसऱ्यांदा पंच सांगतात. फेस्ताच्या किंवा जत्रेच्या दिवशी त्या गावात सामना ठेवू नये, एवढे तरी वेळापत्रक करणाऱ्याला कळायला हवे.

अल्पदृष्टी खेळाडूंची गोष्ट निराळी आहे, आणि सरकारी कागदावर दोघांना एकाच रकान्यात कोंबले जाते. त्यांचा खेळ फुटसालच्या (पाच-पाच जणांच्या छोट्या फुटबॉलच्या) मैदानावर, फुटसालच्या साध्या चेंडूने होतो. फळ्या नकोत, पट्ट्या नकोत, शांतताही तितकी नको. हवा असतो सारखा पसरलेला उजेड आणि जमिनीहून ठळक वेगळ्या रंगाचा चेंडू. झगझगीत लाकडी फरशीवर दिव्याचे पडलेले डाग त्यांना चेंडूसारखेच भासतात. आपल्या इनडोअर स्टेडियममध्ये हे काम पुढच्या महिन्यातही सुरू करता येईल.

पात्रतेबाबत एक घोळ आधीच टाळा. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि खेळातला वर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिव्यांग कायद्यातली अल्पदृष्टीची व्याख्या ६/१८ च्या खाली सुरू होते (६/६ म्हणजे पूर्ण दृष्टी). खेळातला बी-३, म्हणजे अल्पदृष्टीचा सर्वात सौम्य वर्ग, चांगल्या डोळ्याची, चष्म्यासह, दृष्टी ६/६० किंवा त्याहून कमी असेल किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी असेल तरच मिळतो. ६/३६ वाल्या मुलाला वर्षभर शिकवून मग स्पर्धेत परत पाठवणे हे त्याच्यावर अन्याय करणे आहे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील (गोमेकॉ) नेत्रविभागाने वर्षातून दोन दिवस फक्त या तपासणीसाठी द्यावेत.

खेळणाऱ्यांइतकेच ऐकणारेही आहेत. फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला, २०२२ चा मुलींचाही. तिथे दृष्टिहीन प्रेक्षकासाठी श्राव्य वर्णन ही कायमची सोय व्हावी. कतारच्या विश्वचषकात ती इंग्रजी आणि अरबीत होती. इथे ती कोकणी आणि मराठीत हवी. टीव्हीवरचे समालोचन चालत नाही, कारण ते चित्र दिसते असे धरूनच बोलते. मोबाईलवरचे प्रक्षेपण तर कधी अर्धा मिनिट मागे असते. शेजारी गोल साजरा करून बसलेले असतात आणि कानात अजून थ्रो-इन चाललेला. पर्यटकांचे गाईड आणि परिषदांतले दुभाषे वापरतात तसा बिनतारी संच घ्यावा : एक ट्रान्समीटर, पहिल्या हंगामासाठी वीस रिसीव्हर, एकाच कानाचे इअरफोन, म्हणजे दुसऱ्या कानाने स्टेडियम ऐकता येते. इन्फ्रारेड प्रकारचा घेऊ नये, तो उन्हात दगा देतो. वर्णन करणारे दोघे, दहा-पंधरा मिनिटांनी आलटून पालटून. क्रम असा : आधी जागा, मग खेळाडू, मग कृती. ‘उजवी बाजू, मधल्या रेषेपुढे वीस पावले, सात नंबर, आत वळला.’ ‘काय सुंदर चाल!’ हे नंतर, वेळ उरला तर.

खर्चात सगळे मैदानाचे आकडे मांडतात. चालू खर्चात सर्वात मोठा आकडा वाहनाचा असतो. खेळाडू पेडणे ते काणकोण विखुरलेले असतात, संघाला राखीव धरून आठ दृष्टिहीन खेळाडू लागतात, आणि बसथांब्यापासून मैदानापर्यंतचे शेवटचे पाचशे मीटर पदपथ नसलेले असतात. आठवड्यातून दोन दिवसांसाठी एक मिनीबस आणि सोबतीचा भत्ता नसेल तर तिसऱ्या आठवड्यात मैदान रिकामे दिसेल, आणि मग ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा पडेल.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील कलम ३० क्रीडासुविधांची पुनर्रचना, बहुसंवेदी सोयी आणि निधी या तिन्ही गोष्टी सरकारवर सोपवते. त्यामुळे आमची ही मागणी नवी योजना मागणारी नाही.

आमची विनंती एवढीच की जागेची पाहणी संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा या वेळेत, कामाच्या दिवशी, वाहतूक भरात असताना व्हावी. मैदानाच्या मधोमध पट्टी बांधलेली चार माणसे उभी करा, पंधरा मीटरवरून चेंडू वेगवेगळ्या बाजूंनी दहा वेळा लोटा, आणि प्रत्येकाने बोटाने दिशा दाखवावी. दहापैकी आठ वेळा सगळ्यांची बोटे चेंडूकडे गेली तर जागा चालेल. सकाळी अकराला, फाईल हातात घेऊन केलेली पाहणी आम्ही धरणार नाही. चेंडू आम्ही घेऊन येऊ.

आपले,
गोव्यात दृष्टिहीनांच्या फुटबॉलसाठी काम करणारे प्रशिक्षक, गाईड आणि समालोचक