तुझं खरं होतं, वासू

मिरज, ९ मे

प्रिय वासू,

सात महिने तुला एक ओळ लिहिली नाही. आज राहवत नाही म्हणून बसले. माझी शुगर बरी आहे, आईचा गुडघा होता तसाच. पण ईशाला ल्युपस निघालाय, आपलीच प्रतिकारशक्ती अंगावर उलटते तो आजार.

मार्चमध्ये खो-खोच्या स्पर्धेहून आली ती गालांवर लाल चट्टे घेऊन. नाकावरून पलीकडे गेलेले, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखे. ऊन लागलं असेल म्हणून मी कोरफड लावत बसले. मग सकाळी तिच्या मुठी वळेनात. रक्ताची एएनए तपासणी पॉझिटिव्ह, स्वतःच्याच डीएनएविरुद्धच्या अँटिबॉडीही. किडन्या सध्या ठीक आहेत.

रिपोर्ट हातात आला आणि मला आपली लॅब आठवली. तुझ्या शिरा ठसठशीत म्हणून दरवेळी रक्त तुझंच! फायकॉलच्या द्रवावर तरंगणारं ते पांढुरकं कडं, त्यातल्या लिंफोसाइट या पांढऱ्या पेशी आणि वर यूव्ही-बीचा, उन्हातल्या अतिनील किरणांचा दिवा. मी म्हणायचे, मेल्या पेशींचं काय बघायचं? तू म्हणायचीस, मरायच्या आधी त्या किती जनुकं चालू करतात ते बघ. नॉर्दर्न ब्लॉटवर, त्या आरएनएच्या चाचणीत, पी२१ जनुकाची पट्टी गडद उमटली, तर मी म्हटलं, तू दिव्यापासून झाकायच्या कंट्रोलच्या प्लेटला फॉइल नीट लावलं नव्हतंस. चार दिवस आपण बोललो नाही. वासू, फॉइल नीट होतं. ते मी तेव्हाच पाहिलं होतं.

आता तेच माझ्या घरात आहे. यूव्ही-बी कातडीच्या वरच्या थरातच अडतं, रक्तापर्यंत फारसं पोचत नाही. पण तिथं ज्या पेशी मरतात त्यांचा कचरा ईशाच्या अंगात वेळेवर उचलला जात नाही. त्यातला डीएनए-आरएनए प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक या पहारेकरी पेशींना विषाणूचा वाटतो आणि त्या इंटरफेरॉन, म्हणजे विषाणू आल्याचा इशारा, सोडतात. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधली इंटरफेरॉनच्या हुकमातली जनुकं जागी होतात. विषाणू नाहीच, लढाई मात्र चालू. ल्युपसच्या रक्तातली ही खूण २००३ साली छापून आली तेव्हा मी नुसता मथळा वाचला होता.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू केलंय. सनस्क्रीन, लांब बाह्या. दुपारी ती खिडकीशी बसून समोरचं मैदान बघते. काच यूव्ही-बी अडवते, यूव्ही-ए आत येतंच, म्हणून काल मी पडदा ओढला. तिनं काही न बोलता उठून तो परत सारला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

डॉक्टर म्हणतात, सांधे शांत आहेत तोवर ऊन उतरल्यावर खेळू दे. मला 'हो' म्हणवत नाही. मैदानाकडे पाहिलं की मला तो दिवा दिसतो. हे दुसऱ्या कुणाला सांगू?

तुझ्या बढतीचं कळलं, खूप आनंद झाला. घराचा ताबा मिळाला का? भावजींना नमस्कार.

रविवारी तिला फोन कर. पेशींचं सगळं सांग, तुझ्यासारखं मला सांगता येत नाही. खेळायचं की नाही ते मात्र तिलाच विचार आणि ती काय म्हणाली ते मला कळव. सातनंतर कर, तेव्हा ती गच्चीवर एकटी असते.

तुझी,
शैला