तिजोरीची दुसरी किल्ली कोणाकडे असते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत अपहार उघडकीस आला की दोन-चार दिवसांत 'फॉरेन्सिक ऑडिट होणार' अशी बातमी येते आणि ठेवीदारांना तेवढाच धीर वाटतो. नागरी सहकारी बँकेच्या तपासणी विभागात माझी सत्तावीस वर्षे गेली. फॉरेन्सिक ऑडिट हा पैसा गेल्यानंतरचा पंचनामा असतो. रक्कम कोणत्या खात्यातून कुठे वळली, नोंद कोणाच्या लॉगिनने झाली, सही खरी की बनावट, हे शोधून न्यायालयात टिकेल असा पुरावा उभा करायचा, हे त्याचे काम. ते हवेच. पण ठेवीदाराचा पैसा त्याच्या कितीतरी आधी वाचवायचा असतो.

१२ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेचे अधिकारी न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या तपासणीला गेले. प्रभादेवी आणि गोरेगाव येथील तिजोऱ्यांत मिळून १२२ कोटी रुपये कमी निघाले. दुसऱ्याच दिवशी निर्बंध आले आणि खातेदारांना स्वतःचा एक रुपया काढता येईना. पंधरवड्याने २५ हजारांपर्यंत मुभा मिळाली. ऑगस्टमध्ये बँक सारस्वत बँकेत विलीन झाली, म्हणून लोक सुटले. ही तूट पकडायला बनावट कंपन्यांची साखळी किंवा परदेशी खाती धुंडाळायची नव्हती. पुस्तकातली रोख आणि तिजोरीतली रोख एकमेकींशी ताडून पाहायची होती, बस्स. १२२ कोटी म्हणजे पाचशेच्या नोटांच्या २४,४०० गड्ड्या. प्रभादेवीच्या तिजोरीची क्षमता जेमतेम दहा कोटींची होती, असे तपासाच्या बातम्यांत आले. तिजोरीत पडून राहिलेल्या रोखीवर बँकेला दमडी व्याज मिळत नाही. मग ताळेबंदात शंभर कोटींच्या वर हातावरील शिल्लक दिसते तेव्हा 'एवढी रोख कशासाठी, आणि ती ठेवता तरी कुठे?' असे विचारायला सनदी लेखापाल असावे लागत नाही. हा प्रश्न वेळेवर कोणी विचारला नाही, याचा मला आजही राग येतो.

नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावच्या एका शाखेत मी न कळवता गेलो होतो. शाखाधिकाऱ्यांनी खिशातून जुडगा काढला आणि त्यातल्याच दोन किल्ल्यांनी स्ट्राँगरूम एकट्याने उघडली. तिजोरी एकट्याला उघडता येऊ नये म्हणून एक किल्ली लेखापालाकडे असायला हवी होती. त्याला विचारले तर म्हणाला, "साहेब, मला लांबून एसटीने यावं लागतं, उशीर होतो, म्हणून यांच्याकडेच ठेवतो." रोकड वहीत मात्र दररोज दोघांच्या सह्या होत्या. हजेरीपट मागवला. लेखापाल रजेवर होता त्या दिवशीही वहीत त्याची सही! त्या दिवशी रोख पैशाला पैसा जुळली. तरी मी अहवालात गंभीर शेरा मारला. वरिष्ठ म्हणाले, "रोख बरोबर आहे ना? मग कशाला वाढवता?" दीड वर्षाने त्याच शाखेत तूट निघाली. शेरा फाइलीत तसाच होता.

पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेचे प्रकरण वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचते. सप्टेंबर २०१९ मध्ये कळले की एचडीआयएल या बांधकाम समूहाकडची सुमारे ६,५०० कोटींची थकलेली कर्जे लपवण्यासाठी यादीत २१,०४९ बोगस कर्जखाती दाखवली होती. ती खाती बँकेच्या संगणक प्रणालीत नव्हतीच. तपासणीला दिलेल्या यादीत तेवढी होती. तपासनिसाने बँकेने हातात दिलेली यादी घ्यायची नसते. स्वतः प्रणालीसमोर बसून ती काढायची असते. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवले जायचे.

सक्तीच्या रजेचेही तेच. रोख, कोषागार, संगणक अशा नाजूक जागी बसणाऱ्याला वर्षातून किमान दहा कामाचे दिवस सलग आणि अचानक रजेवर पाठवावे, त्या काळात त्याला कामाच्या संगणकाजवळ जाऊ देऊ नये, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. त्यामागे साधा हिशेब आहे. अपहार झाकायला रोज टेबलावर हजर राहावे लागते. दुसरा माणूस त्या खुर्चीत आठवडाभर बसला की न जुळणारी नोंद वर येते. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील शाखेत हमीपत्रांचा घोटाळा झाला, तिथला अधिकारी बदलीविना वर्षानुवर्षे एकाच जागी होता. आपल्याकडे मात्र 'दहा वर्षांत एक रजा नाही' म्हणून वार्षिक सभेत शाल-श्रीफळ देतात. मला अशा माणसाची वही आधी उघडावीशी वाटायची.

आणखी एक, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अपहार तपासनिसांच्या जागतिक संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार ४३ टक्के प्रकरणे कोणीतरी माहिती दिल्यामुळे उघड झाली. बाहेरच्या लेखापरीक्षकांमुळे अवघी ३ टक्के. म्हणजे शाखेतल्या शिपायाला, कारकुनाला बहुधा आधी कळते. तो बोलत नाही, कारण तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची त्याच्याच टेबलावरून ती वर जाते. सहकार खात्याने पतसंस्थांसाठी अशी व्यवस्था करावी की कर्मचाऱ्याचे पत्र थेट जिल्हा उपनिबंधकांकडे जाईल, नाव गुप्त राहील, आणि त्याची नोकरी जाणार नाही.

सप्टेंबरअखेरपर्यंत सर्वसाधारण सभा होतील. सभासदांनी लाभांशाचा दर विचारून झाला की हेही विचारावे: गेल्या वर्षात मुख्य शाखेची तिजोरी न कळवता किती वेळा मोजली, मोजणारा बाहेरचा होता का, आणि दुसरी किल्ली कोणाकडे असते. मिळालेले उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.

आपला,
एक निवृत्त बँक तपासनीस, सांगली