हाताच्या गोलापलीकडचा शिल्टन

महोदय, इंग्लंडचा गोलकीपर पीटर शिल्टनचे नाव काढले की समोरचा हमखास विचारतो, ‘मॅराडोनाने ज्याच्याविरुद्ध हाताने गोल मारला तो गोलकीपर ना?’ १९८६च्या विश्वचषकातल्या त्या एका फटक्यात माणसाची सगळी कारकीर्द झाकोळून जावी, हे काही पटत नाही. या शिल्टनवर भरवसा ठेवून लेस्टर सिटी क्लबने १९६७मध्ये चक्क जगज्जेत्या गोलकीपर गॉर्डन बँक्सला विकले. तेव्हा पोरगा जेमतेम १७ वर्षांचा! पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबकडून लागोपाठ दोन युरोपियन कप. १९८०च्या अंतिम सामन्याआधी माद्रिदमध्ये सरावाला धड गवत मिळेना, तर पठ्ठ्याने चौकातल्या रहदारीच्या बेटावर कपड्यांचे गोलपोस्ट मांडून सराव केला. इंग्लंडसाठी १२५ सामने, लीगमध्ये हजाराहून अधिक. ४७व्या वर्षापर्यंत खेळत होता. चुका केल्या नाहीत असे नाही. १९९०मध्ये शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात चेंडू पायाशी घेऊन रेंगाळला आणि मागून आलेल्या इटलीच्या बाज्जोने तो अलगद पळवला. ती चूक मात्र निखळ त्याची. हाताच्या गोलाचा जाब पंचांना विचारा.

– एक फुटबॉलवेडा वाचक, कोल्हापूर